डॉक्टरांचा सल्ला सगळ्या घराने ऐकावा

बडोद्यातल्या आपल्या मराठी घरांत बाळ आले की सल्ल्यांना तोटा नसतो. आजी बाळगुटी उगाळायला घेते, कुणी मध चाटवायला सांगते, शेजारच्या गुजराती मावशी गळथूथीची आठवण करून देतात. डॉक्टर नेमके उलट सांगतात आणि नवी आई मधल्या मधे अडकते.

डॉक्टरांच्या सांगण्यामागे कारणे असतात. प्रसूतीनंतर येणारे पहिले घट्ट, पिवळसर दूध म्हणजे चीक. त्यातून बाळाला रोगांशी लढण्याची शक्ती मिळते, म्हणून ते पिळून टाकू नये. पहिले ६ महिने फक्त आईचे दूध द्यावे, उन्हाळ्यातही वरचे पाणी नको. वर्षाच्या आत मध मुळीच नको, कारण त्यातल्या जंतूंमुळे क्वचित, पण जिवावर बेतणारा आजार होऊ शकतो. बाळाच्या नाका-कानात तेल घालू नये. आजीच्या हातची हलकी मालिश मात्र खुशाल चालू द्यावी.

असा सल्ला घरापर्यंत पोचला तर काय होते, हे गडचिरोलीत दिसले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून ३९ गावांत घरोघरी पाठवले. बाळाला ऊब कशी द्यावी, दूध कसे पाजावे, हे त्या आईला समजावत आणि जंतुसंसर्ग झाल्यास उपचारही करत. तिथले नवजात बालकांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले. आज आशाताई प्रसूतीनंतर घरी भेट देतात, त्यामागे हाच अनुभव आहे.

सल्ला निःपक्षपाती राहावा म्हणून कायदाही आहे. १९९२ च्या कायद्याने बाळाच्या दुधाच्या पावडरीची आणि बाटल्यांची जाहिरात करण्यास मनाई आहे.

एवढे करावे: लसीकरणाला जाताना आजीलाही बरोबर न्यावे. बाळाला दिवसभर तीच सांभाळते, तेव्हा कारण तिला डॉक्टरांच्याच तोंडून कळू द्यावे. शंका कागदावर लिहून न्याव्यात आणि गुटीबद्दलही न लाजता विचारावे. डॉक्टरांनीही आजीला न रागावता दोन मिनिटे समजावून सांगावे.

तान्हे बाळ दूध ओढेनासे झाले, अंग तापले किंवा गार पडले, श्वास जोरात चालू लागला, तर मात्र घरात चर्चा नको. लगेच दवाखाना गाठावा.