यंत्रासाठी रुंदावलेली सरी

बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या प्रक्षेत्रावर उपग्रहाची छायाचित्रे, जमिनीत पुरलेले संवेदक आणि हवामानाची यंत्रणा यांच्या साह्याने कृत्रिम बुद्धिमत्ता उसाला केव्हा व किती पाणी द्यावे याचा सल्ला शेतकऱ्याच्या हातातील मोबाइलवर पाठविते, ही वार्ता मराठी वाचकाला आता नवी राहिलेली नाही. २०२५ च्या आरंभी मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेला यांनी या प्रयोगाचा जाहीर गौरव केला आणि त्याच वर्षीच्या जून महिन्यात राज्य शासनाने शेतीतील कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी स्वतंत्र धोरणही मंजूर केले. त्या सर्व तपशिलाची उजळणी येथे करण्याचे प्रयोजन नाही. या वृत्तांतात ऊस लावला जातो, वाढतो, पक्व होतो आणि तेथेच वृत्तांत संपतो, ही गोष्ट मात्र मनाला लागून राहते. पक्व झालेला ऊस कोणी, कोणत्या स्थितीत आणि कोणत्या मोलाने तोडावयाचा, याची बातमी निराळी छापली जाते; तिचा मथळा बहुधा ‘मजूरटंचाई’ असा असतो, आणि तिच्यातील दिलासा म्हणून ऊसतोडणी यंत्राचे, म्हणजे ज्याला आता खेड्यापाड्यांतून सर्रास हार्वेस्टर म्हणतात त्याचे, छायाचित्र शेजारी झळकते.

या यंत्राचे मी स्वागत करतो, आणि ते हातचे राखून करीत नाही. पहाटेच्या अंधारात थंडीने बधिर झालेल्या बोटांनी कोयता धरून, कमरेत वाकून, बुडखा जमिनीलगत छाटून, वाढे वेगळे काढून, पाचट सोलून, मोळी बांधून आणि ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढविण्याचे काम ज्याने एकदा जवळून पाहिले आहे, त्याला त्या कामाच्या संरक्षणार्थ अश्रू ढाळणे जमणार नाही. श्रमाला प्रतिष्ठा आहे, परंतु प्रत्येक श्रमप्रकाराला चिरंजीव करण्याची जबाबदारी त्या प्रतिष्ठेवर टाकता येत नाही. प्रश्न यंत्र यावे की न यावे हा नाहीच. ते आले आहे. ते कशामुळे आले, आणि येताना आपण त्याच्यासाठी काय काय बदलावयास तयार झालो, हे पाहू लागले म्हणजे आपल्या मूल्यव्यवस्थेचा जो हिशेब समोर येतो, तो वाचणे क्लेशदायक आहे.

यंत्राची रचना थोडक्यात अशी. पुढे उंचावर शेंडे छाटणारी पाती असतात. त्यांच्याखाली फिरते नागमोडी स्तंभ लोळलेला, गुंतलेला ऊस उचलून सरळ करतात. जमिनीलगत फिरणाऱ्या तबकड्या बुडखा कापतात. रुळांच्या माळेतून आत ओढला गेलेला ऊस वीतभर लांबीच्या कांड्यांत तुटतो, प्रचंड पंखा पाला बाहेर फेकतो आणि कांड्या उद्वाहकावरून शेजारी चालणाऱ्या ट्रॉलीत पडतात. नवरा-बायकोचे एक जोडपे, ज्याला या धंद्यात ‘एक कोयता’ म्हणून मोजतात, दिवसाकाठी साधारण दीड ते दोन टन ऊस तोडते; यंत्र शंभराहून अधिक टन तोडू शकते. परंतु या यंत्राच्या काही अटी असतात. जुन्या तीन-साडेतीन फुटांच्या सरीत त्याची चाके पिकावर चढतात, म्हणून सरी साडेचार-पाच फुटांची हवी. वळण्यासाठी बांधालगत मोकळी जागा हवी. ट्रॉलीसाठी शेतरस्ता हवा. कांड्या लवकर आंबतात म्हणून त्या एका दिवसाच्या आत गाळपाला जाव्यात अशी वाहतुकीची शिस्त हवी. यांतील प्रत्येक अट आपण तत्परतेने मान्य केली. कृषिशास्त्रज्ञांनी रुंद सरीची शिफारस केली, कारखान्यांनी सभासदांना तसे आवाहन केले, बँकांनी कर्जे दिली, आणि शासनाने २०२३ मध्ये ९०० यंत्रांसाठी किमतीच्या ४० टक्के किंवा जास्तीत जास्त ३५ लाख रुपये अनुदानाची योजना काढली. यंत्राला ज्याची अडचण होते ते दूर करावयाचे असते, हे तत्त्व कोणी वादग्रस्त मानले नाही.

आता त्याच फडातील माणसाकडे पाहा. १९५० मध्ये प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला सहकारी कारखाना गाळप करू लागला, आणि त्या सहकाराच्या यशाने पश्चिम महाराष्ट्राचे सारे जीवन पालटले. त्या वैभवाला लागणारे हात मात्र बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी अशा अवर्षणग्रस्त मुलखांतून दर हिवाळ्यात निघत राहिले. मुकादमाने कोऱ्या किंवा अर्ध्या लिहिलेल्या कागदावर अंगठा घेऊन दिलेली उचल, ती फिटेपर्यंतचे बंधन, आजारपणाच्या दिवसाचा खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड, कारखान्याच्या आवारात किंवा उघड्या रानात उभारलेली कोप, पाण्यासाठी दूरच्या विहिरीची वाट आणि आडोशासाठी उसाचाच फड, या व्यवस्थेत सत्तर वर्षांत नावापुरतेच अंतर पडले. दर वाढले, हे खरे; २०२४ च्या जानेवारीत झालेल्या समझोत्यात ३४ टक्के वाढ मिळून हातांनी तोडलेल्या उसाचा दर टनाला सुमारे ३६६ रुपये झाला, आणि त्यासाठीही संपाचे हत्यार उपसावे लागले. परंतु फडाजवळ एक शौचालय, एक पाण्याची टाकी, एक सावलीची जागा असावी यासाठी सरीची रुंदी इंचानेही बदलली नाही. यंत्रासाठी शेताचा आराखडा बदलता येतो, हे आज सिद्ध झाले आहे. मग तो माणसासाठी बदलणे इतकी वर्षे अशक्य होते, हा युक्तिवाद कोणत्या तोंडाने करावयाचा?

ऊस आणि करारबद्ध श्रम यांचे नाते जगभर जुने आहे, आणि त्यात मराठी माणूस परका नाही. १८३४ नंतर मॉरिशसच्या ऊसमळ्यांत जे गिरमिटिये गेले त्यांत कोकणातील मराठी कुटुंबेही होती, आणि त्यांचे वंशज आजही तेथे मराठी सण साजरे करतात. त्या मळ्यांवर एक दिवस गैरहजर राहणाऱ्या मजुराचा दोन दिवसांचा रोज कापला जाई. कायद्याने तसा अधिकार मळेवाल्याला दिला होता, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या तक्रारींनंतर विसाव्या शतकाच्या आरंभी ती प्रथा गेली. बीडच्या टोळीतला खाडा आणि मॉरिशसच्या मळ्यातली ती दुहेरी कपात यांच्यामध्ये समुद्र आहे, शतक आहे, स्वातंत्र्याचा लढा आणि संविधानही आहे. हिशेबाची वही मात्र ओळखीची वाटते.

पण या विषयात मला सर्वांत बोधप्रद वाटतो तो ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडचा इतिहास, आणि त्यासाठी थोडा विस्तार करण्याची वाचकांनी मुभा द्यावी. १८६३ पासून तेथे प्रशांत महासागरातील बेटांवरून, काहींना फसवून, काहींना बळजबरीने, हजारो मजूर आणले गेले. १९०१ मध्ये नव्या संघराज्याने कायदा करून त्यांची आयात थांबविण्याचा आणि बहुतेकांना परत धाडण्याचा निर्णय घेतला. तो करुणेपोटी नव्हता, गोऱ्यांचाच देश राखण्याच्या वर्णद्वेषी आग्रहापोटी होता, हे विसरून चालणार नाही. परिणाम असा झाला की ऊस तोडण्यास गोरा कामगार आला, त्याच्यामागे संघटना आली, साखरेला संरक्षण देणारे सरकार आले आणि मजुरी चढली. १९३० च्या दशकात इंगम भागात उंदरांच्या मूत्रातून पसरणाऱ्या वाइल रोगाने तोडणी कामगार मरू लागले, तेव्हा त्यांनी फड तोडण्याआधी जाळावा, म्हणजे उंदीर आणि त्यांच्याबरोबर रोगही नष्ट होईल, अशी मागणी केली. मळेवाल्यांना ती साखरेच्या उताऱ्याच्या दृष्टीने महागडी वाटत होती, म्हणून १९३५ मध्ये मोठा संप झाला, आणि पुढे जाळून तोडणे ही तेथील रीतच झाली. कामगाराच्या यकृताची आणि मूत्रपिंडाची किंमत पिकाच्या पद्धतीत शिरली, ती अशी.

महायुद्धानंतर मजूर आणखी दुर्मीळ आणि महाग झाला, आणि तेव्हा बंडाबर्गच्या टॉफ्ट बंधूंसारखे कल्पक कारागीर यंत्रांकडे वळले. प्रथम ऊस भरणारी, मग तोडणारी, मग कांड्या करणारी यंत्रे आली, आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस तेथील जवळजवळ सगळा ऊस यंत्राने तोडला जाऊ लागला. त्याच बंधूंच्या नावाची खूण सांगणारी ‘ऑस्टॉफ्ट’ यंत्रे आज महाराष्ट्रातील फडांत फिरत आहेत. ज्या यंत्राची आज नवलाई वाटते, ते म्हणजे निदान अर्धशतक जुने ज्ञान आहे. आपल्याकडे ते इतक्या उशिरा का यावे? मला याचे एकच उत्तर दिसते: आपल्याकडे माणूस स्वस्त होता. जेथे श्रम स्वस्त मिळतात आणि वेदनेचा खर्च कोणाच्याच खतावणीत मांडला जात नाही, तेथे विज्ञानाला बोलावणे कोणी धाडीत नाही. आणि आज ते धाडले गेले, ते बीडच्या तरुणांनी नकार दिला म्हणून. आईबापांनी कोपीत राहून ज्यांना शाळेत किंवा हंगामी वसतिगृहात ठेवले, ती मुले पुण्याच्या कारखान्यांत, दुकानांत, बांधकामांवर गेली आणि फडाकडे परत फिरकली नाहीत. वृत्तपत्रे जिला मजूरटंचाई म्हणतात, तो एका पिढीने केलेला मूक असहकार आहे, आणि यंत्राला महाराष्ट्रात आणण्याचे श्रेय कोणाला द्यावयाचेच असेल तर प्रथम त्याला दिले पाहिजे.

या हिशेबात ज्यांचे नावच नव्हते अशा स्त्रियांविषयी बोलताना लेखणी जड होते. उचल जोडप्याच्या नावे, हिशेब नवऱ्याच्या हाती, काम मात्र दोघांचे समसमान, आणि वर चूल, पाणी, मूल. मासिक पाळीच्या दिवसांत किंवा बाळंतपणानंतर काम थांबले तर खाडा. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रकरण उजेडात आले; नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीपुढे, पाहणी झालेल्या ८२ हजारांवर स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आले. यांत वैद्यकाचा लोभ होता, अज्ञान होते, भीती होती. पण त्या सर्वांच्या मुळाशी अशी कामाची रचना होती की जिच्यात स्त्रीचे शरीर हाच एक अडथळा ठरला. शेताने यंत्राच्या चाकांना जागा करून दिली. येथे स्त्रीने शेताच्या सोयीसाठी स्वतःच्या देहात बदल करवून घेतला. विज्ञानाच्या प्रगतीची चर्चा करताना ही दोन वाक्ये शेजारी शेजारी ठेवल्यावाचून पुढे जाऊ नये, असे मला तीव्रतेने वाटते.

यंत्र आल्याने हे सारे आपोआप संपेल, अशी आशा बाळगणारे पुष्कळ आहेत. मला तिच्याविषयी शंका येते, आणि याची कारणे फडातच आहेत. यंत्र मोठे, सपाट, रुंद सरीचे आणि कोरडे शेत पसंत करते. वीस गुंठ्यांचा तुकडा, ओली जमीन, डोंगरउतार, अतिशय लोळलेला ऊस ते सोडून देते. सुलभ ऊस यंत्राकडे आणि अवघड ऊस माणसाकडे, अशी विभागणी झाली आणि मजुरी मात्र वजनावरच राहिली, तर तेवढ्याच कष्टांत टन कमी भरतील आणि दर न घटताही कमाई घटेल. वाढ्यांचेही तसेच आहे. हाताने तोडलेल्या उसाची वाढी बैलांची वैरण होत आणि उरलेली विकून टोळीला रोजचा तेल-मिठाचा खर्च निघे. यंत्राचा पंखा ती चिंध्या करून जमिनीवर पसरतो. जमिनीला ते आच्छादन हितकारक आहे, पाचट जाळण्याचा अनर्थ टळतो, हे मान्यच. परंतु मजुरीचा तो भाग कागदावर कधी लिहिलाच गेला नसल्याने तो गेल्याची नोंदही होणार नाही.

ब्राझीलच्या साव पावलो राज्याने या संक्रमणाला मुदत घातली होती. २००२ च्या कायद्याने फड जाळण्यावर टप्प्याटप्प्याने बंदी आली, पुढे २००७ च्या करारात कारखानदारांनी सपाट जमिनींसाठी २०१४ ही मुदत स्वीकारली, आणि जाळल्यावाचून हाताने तोडणे परवडत नसल्याने यंत्रे वेगाने आली. टनावारी मजुरीपायी दिवसाला दहा-दहा टन ऊस तोडणारे तेथील कामगार त्याआधीच्या काही वर्षांत फडातच कोसळून मेल्याच्या घटनांनी तो देश हादरला होता. यंत्रांनी असंख्य कामगारांचे काम गेले. तथापि कारखानदारांची संघटना, कामगारांची संघटना आणि यंत्रे विकणाऱ्या कंपन्या यांनी मिळून तोडणी कामगारांना चालक, यंत्रदुरुस्ती, वीजकाम असे शिक्षण देण्याचा उपक्रम चालविला. गेलेल्या कामाच्या मानाने तो अपुराच होता. पण यंत्र विकणाऱ्यावरही विस्थापिताची काही जबाबदारी आहे, हे तत्त्व त्यात होते.

आपल्याकडे हे तत्त्व अमलात आणण्यास नवा कायदा लागत नाही. अनुदान शासनाचे असल्याने अटही शासनाला घालता येते: सार्वजनिक पैशातून घेतलेल्या प्रत्येक यंत्रावरचा चालक व मदतनीस ऊसतोड कुटुंबांतून, आणि त्यांत स्त्रियांनाही वाटा, कामगारांच्या सहकारी गटाने यंत्र मागितले तर त्याला अग्रक्रम, यंत्राने नाकारलेल्या उसाला टनामागे वेगळा, चढा दर. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गाळपाच्या टनामागे जी रक्कम ठरली आहे, ती यंत्राने तोडलेल्या टनावरही तितक्याच कसोशीने वसूल व्हावी आणि फडातून बाहेर पडणाऱ्यांच्या शिक्षणावर खर्च व्हावी. ज्या सहकाराने शेतकऱ्याला कारखान्याचा मालक केले, त्याला ऊस तोडणाऱ्याला यंत्राचा मालक करणे कठीण वाटण्याचे कारण नाही. मात्र गाळप हंगाम सुरू होण्याच्या कितीतरी आधी, पावसाळ्यातच मुकादम गावोगाव उचल वाटू लागतात. तेव्हा या अटी घालावयाच्या असतील तर त्या त्याआधी निघणाऱ्या शासननिर्णयात घालाव्या लागतील.