कोरड्या तळ्यातली बीजपेढी

सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या सीमेवर, म्हसवडजवळ, माण नदीवर राजेवाडीचा तलाव आहे. तलाव ब्रिटिश अमदानीतला, मुलूख पर्जन्यछायेचा. माणदेशाने १९७२ चा आणि २०१२-१३ चा असे मोठे दुष्काळ पाहिले. अशा वर्षी तळी आटतात, गाळाला भेगा पडतात. पुढे पाऊस झाला की त्याच गाळातून लव्हाळे, पाणकणीस अशा पाणवनस्पती वर येतात. ही बी पेरली कोणी?

काही बी वाऱ्याने आणि पक्ष्यांच्या पायांना चिकटून येते. पण बरीचशी बी गाळातच असते. चार्ल्स डार्विनने एका लहान डबक्याच्या काठचा, पाण्याखालचा तीन मोठे चमचे चिखल घेतला. वाळल्यावर त्याचे वजन जेमतेम १९० ग्रॅम भरले. सहा महिने तो झाकून ठेवून उगवलेले प्रत्येक रोप त्याने मोजून उपटले. संख्या झाली ५३७! ही नोंद १८५९ सालच्या त्याच्या ग्रंथात आहे. गाळातल्या अशा साठ्याला बीजपेढी म्हणता येईल.

आता प्रश्न असा, की पाण्यातल्या वनस्पतीची बी दुष्काळात मरत कशी नाही? त्यासाठी बी रुजते कशी ते पाहू. कोरडी बी प्रथम भराभर पाणी शोषून फुगते. मग पाणी शोषणे मंदावते. आत विकरे कामाला लागतात, साठवलेले अन्न विरघळू लागते. तिसऱ्या टप्प्यात आदिमूळ बीजकवच फोडून बाहेर येते. पहिल्या दोन टप्प्यांत बी पुन्हा वाळली, तरी बहुतेक जातींत ती जिवंत राहते. आदिमूळ बाहेर पडले, की परतीची वाट बंद. म्हणजे झोपलेल्या बीला कोरडेपणाचे भय थोडे, नुकत्याच जागलेल्या बीला फार.

मग जागे कधी व्हायचे? खोल पाण्याखालच्या गाळात प्रकाश पोचत नाही, प्राणवायू कमी असतो, दिवसरात्रीचे तापमान जवळजवळ सारखे असते. पाणी ओसरले की तिन्ही गोष्टी बदलतात. उघड्या ओल्या गाळाला प्रकाश आणि हवा मिळते. तो दिवसा तापतो, रात्री निवतो. पाणथळीतल्या अनेक जातींना हाच इशारा पुरतो. पाणी हटणे हे त्यांच्या दृष्टीने संकट नसून संधी असते. मात्र गाळ ओला हवा. तो सुकू लागला, की उरलेले पाणी मातीचे कण घट्ट धरून ठेवतात आणि बीला ते ओढून घेता येत नाही. पाणी आटताना क्षार मागे राहतात, त्यामुळे ही ओढाताण आणखी वाढते. परिणामी बिया उशिरा रुजतात आणि थोड्याच रुजतात.

सगळ्याच पाणवनस्पतींना कोरडेपणा सोसत नाही. कमळाचे बीजकवच इतके कठीण, की चीनमधील एका आटलेल्या तळ्यातली सुमारे १,३०० वर्षांची बी रुजल्याची नोंद १९९५ साली प्रसिद्ध झाली. उलट शिंगाड्याचे बियाणे पाण्यात किंवा ओलीत ठेवावे लागते. वाळले की ते मरते. दोघेही तळ्यातलेच, पण एकाच दुष्काळात एक तग धरतो आणि दुसरा जातो.

माणदेशातला पाऊस आणखी एक परीक्षा घेतो. वळिवाने किंवा मृगात जमीन भिजते, मग मोठी उघडीप पडते आणि खरा पाऊस सप्टेंबरमध्ये येतो. मृगात उगवलेली रोपे उघडिपीत करपतात. पण एका झाडाच्या सगळ्या बिया एकदम रुजत नाहीत. काही मागे राहतात. शेतकऱ्याला दुबार पेरणीसाठी बियाणे विकत आणावे लागते. गाळ ते आपल्याच पेढीतून काढतो.

पण पेढी अक्षय नाही. लागोपाठ काही वर्षे रोपे फुलण्याआधीच करपली, तर साठ्यातून खर्च होतो, भर पडत नाही. आणखी एक धोका आपल्या हातून घडतो. तळ्यांचा गाळ काढून शेतात टाकण्याची योजना राज्यात २०१७ पासून राबवली गेली. पाणीसाठ्यासाठी हे काम गरजेचेच आहे. परंतु जिवंत बिया बहुतांशी गाळाच्या वरच्या काही सेंटिमीटरच्या थरात असतात, आणि यंत्र सर्वप्रथम तोच थर उचलते. काठाचा एखादा पट्टा न उकरता राखला, किंवा वरचा थर बाजूला ठेवून नंतर काठावर पसरला, तर पेढी वाचते.

हे वर्गात पडताळता येईल. मे महिन्यात जवळच्या तळ्याच्या काठावरचा वरचा गाळ आणा, नीट मिसळा. चार पसरट भांड्यांत वाळू घ्या. तिघांत वाळूवर गाळाचा बोटभर थर द्या, चौथ्यात नुसती वाळू ठेवा. पहिले भांडे सतत ओलसर ठेवा. दुसऱ्यात गाळावर चार बोटे पाणी राहू द्या. तिसरे चार दिवस ओले, दहा दिवस कोरडे, मग पुन्हा ओले करा. चौथेही ओलसर ठेवा. त्यात काही उगवले, तर ती बी वाऱ्याने आली असे समजावे. दर आठवड्याला रोपे मोजून तक्ता करा. तिसऱ्या भांड्यात पहिल्या खेपेची किती रोपे वाळली आणि दुसऱ्या खेपेला किती नवी आली, हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्या. आपल्या तळ्याच्या पेढीत शिल्लक किती, याचा अंदाज त्यावरून बांधता येईल.