जनुक-चाचणी म्हणजे संधिवाताचे भाकीत नव्हे

जुन्या हुबळीतील एखाद्या मराठी कुटुंबात वडिलांची पाठ ऐन चाळिशीत ताठरली असेल, तर हे दुखणे आपल्याही वाट्याला येईल काय, अशी शंका मुलाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. रक्ताच्या एका चाचणीने त्याचे निश्चित उत्तर मिळते, हा समज मात्र चुकीचा आहे.

मणक्यांच्या दाहक संधिवातासाठी, म्हणजे अँकिलॉझिंग स्पाँडिलायटिससाठी, 'एचएलए-बी२७' ही चाचणी करतात. आपल्या आणि परक्या पेशी ओळखण्यास रोगप्रतिकारक यंत्रणेला एचएलए प्रथिने साहाय्य करतात. त्यांतील बी२७ या प्रकाराचा या विकाराशी असलेला संबंध १९७३ मध्ये लंडन आणि लॉस एंजेलिस येथील संशोधकांनी स्वतंत्रपणे दाखवून दिला. युरोपीय वंशाच्या सुमारे ९० टक्के रुग्णांत बी२७ आढळते. उलट बाजू मात्र वेगळी आहे. बी२७ असलेल्या बहुसंख्य व्यक्तींना, शंभरांतील सुमारे ९५ जणांना, हा विकार कधीच होत नाही. वडिलांकडे या जनुकाची एक प्रत असल्यास ती मुलाकडे येण्याची शक्यता निम्मी असते. वडिलांना प्रत्यक्ष विकार असेल, तर मुलाचा धोका इतरांपेक्षा वाढतो. तरीही तो अटळ ठरत नाही.

हातापायांच्या सांध्यांना सूज आणणाऱ्या आमवाताबाबत जनुकांचा कौल याहूनही दुबळा आहे. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला आमवात झाल्यास दुसऱ्यालाही तो होण्याचे प्रमाण साधारण १५ टक्केच आहे. धूम्रपानासारखी कारणेही त्यास हातभार लावतात. शिवाय हा आजार मुळात विरळ आहे. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पुढाकाराने १९९६ मध्ये सुरू झालेल्या पाहणीत प्रौढांमध्ये त्याचे प्रमाण सुमारे अर्धा टक्का आढळले. अशा आजारासाठी धडधाकट माणसांची सरसकट जनुक-चाचणी केल्यास, रोगापेक्षा धास्तीच अधिक हाती लागेल.

मग चाचणी कोणी करावी? चाळिशीच्या आत सुरू झालेली, तीन महिन्यांहून अधिक टिकलेली कंबरदुखी. विश्रांतीने वाढणारी व हालचालीने कमी होणारी वेदना. सकाळी अर्ध्या तासाहून अधिक राहणारा ताठरपणा. डोळा वारंवार लाल होऊन दुखणे, ही लक्षणे असतील तर बी२७ चाचणी निदानास मोलाची मदत करते. तिच्या जोडीला डॉक्टरांची तपासणी आणि गरजेनुसार एक्स-रे किंवा एमआरआय आवश्यक असतो. बी२७ नसतानाही हा विकार होऊ शकतो, हे विसरता कामा नये. आमवाताच्या निदानासाठी जनुकांपेक्षा रक्तातील आरए फॅक्टर व अँटी-सीसीपी या चाचण्या उपयुक्त ठरतात.

लक्षणे नसताना अहवालाची चिंता वाहण्यापेक्षा धूम्रपान टाळणे आणि नियमित व्यायाम करणे श्रेयस्कर होय. लक्षणे दिसताच मात्र केवळ वेदनाशामक गोळ्यांवर दिवस ढकलू नयेत. एकदा जुळून गेलेले मणके औषधाने पुन्हा मोकळे होत नाहीत. वेळेवर सुरू केलेले उपचार पाठीची लवचिकता राखू शकतात.