तळ्याकाठचे नागरिकत्व

भारतीय शहरांविषयीची आपली धोरणचर्चा रस्ते, पाणी, मेट्रो आणि मलनिःसारण यांच्याभोवती फिरते. ते स्वाभाविकही आहे. मात्र या चर्चेत एक प्रश्न क्वचितच विचारला जातो : बाहेरून येऊन राहिलेल्या माणसाला शहरातली वस्ती ‘आपली’ कधी वाटू लागते? २०११च्या जनगणनेनुसार सुमारे ३८ कोटी भारतीय शहरांत राहत होते, आणि आधीचे वास्तव्याचे ठिकाण सोडून अन्यत्र राहणाऱ्यांची संख्या ४५ कोटींच्या घरात होती. यांत लग्नामुळे गाव सोडलेल्या स्त्रियांची संख्या मोठी आहे, हे मान्य करूनही एक गोष्ट उरतेच. शहरात शेजार वारशाने मिळत नाही, तो घडवावा लागतो. तो कसा घडतो, याचे एक उत्तर मला बंगळूरुच्या सर्जापूर रस्त्यालगतच्या कैकोंड्रहळ्ळी तलावाकाठी मिळाले.

बंगळूरुला मोठी नदी नाही. या शहराचे तलाव माणसांनी बांधलेले आहेत. एका तलावाचे जादा पाणी उताराने पुढच्या तलावात जावे, अशा मालिका कित्येक शतकांत उभ्या राहिल्या. गाळ काढायचा तो गावकऱ्यांनी. कोणाच्या शेताला केव्हा पाणी सोडायचे हे पाहायचे ते ‘नीरगंटी’ या पाणकऱ्याने. धोबी, कोळी, गुराखी, कुंभार अशा सर्वांचा त्या पाण्यावर हक्क होता आणि म्हणून त्याची काळजीही होती. पुढे शेते विकली गेली, त्यांवर इमारती उभ्या राहिल्या आणि सिंचनाची गरज संपली. ज्यांची गरज संपली त्यांची काळजी संपली. आणि जे नव्याने आले, त्यांच्यासाठी तो तलाव म्हणजे खिडकीतून दिसणारा दुर्गंधीयुक्त खड्डा होता. तलाव कोणाचाच उरला नाही.

सुमारे ४८ एकरांचा कैकोंड्रहळ्ळी तलाव याच वाटेने चालला होता. २००० नंतरच्या दशकाच्या अखेरीस आसपासच्या गृहसंकुलांतील काही रहिवासी, जुन्या गावातली मंडळी, पर्यावरणाचे अभ्यासक आणि महापालिकेतील काही अभियंते एकत्र आले. गाळ काढला गेला, सांडपाणी वळवले गेले, बांध दुरुस्त झाले. २०११च्या सुमारास तलाव पुन्हा भरला, पक्षी परतले. देखभालीसाठी रहिवाशांनी ‘मॅप्सास’ ही विश्वस्त संस्था स्थापन केली आणि महापालिकेशी करार केला. राखणदार आणि माळी यांच्या वेतनासाठी देणग्या गोळा करणे, सांडपाणी कोठून शिरते यावर लक्ष ठेवणे, संबंधित अभियंत्याचा पाठपुरावा करणे अशी ही कंटाळवाणी, न संपणारी कामे आहेत. आपलेपणा नेमका त्यांतूनच निर्माण होतो, असे माझे निरीक्षण आहे. उत्सवात माणसे एका दिवसापुरती जवळ येतात. नाल्याच्या तोंडाशी उभे राहून ‘हे पाणी कोणाच्या संकुलातून येते?’ असे विचारावे लागते, तेव्हा शेजाऱ्याशी भांडणही होते आणि ओळखही.

परंतु या तलावाचे खरे महत्त्व वेगळ्याच गोष्टीत आहे. देशभर तलावांचे ‘सुशोभीकरण’ झाले की आधी कुंपण येते, मग प्रवेशाच्या वेळा, आणि शेवटी गुरे, चारा व कपडे धुणे यांना मनाई. सकाळी फेरफटका मारणाऱ्याला जागा मिळते. ज्याचे पोट त्या पाण्यावर होते तो बाहेर पडतो. बंगळूरुतील अनेक तलावांबाबत पर्यावरण-अभ्यासक हरिणी नागेंद्र यांनी हे सातत्याने मांडले आहे. कैकोंड्रहळ्ळीत मात्र जनावरांसाठी गवत कापण्याची मुभा राहिली, मूर्तिविसर्जनासाठी वेगळी ‘कल्याणी’, म्हणजे पुष्करणी, बांधली गेली आणि लगतच्या सरकारी शाळेतील मुलांच्या गरजाही आराखड्यात आल्या. चारा नेणारी स्त्री आणि संगणक-अभियंता यांची त्यामुळे मैत्री झाली, असा दावा मी करणार नाही. पण दोघांचाही हक्क एकाच नकाशावर उमटला, हे लहान यश नव्हे.

हे आवर्जून सांगण्याचे कारण असे की, नागरिक-सहभागाचा आपला इतिहास याबाबतीत फारसा उजळ नाही. मुंबईत १९९७च्या सुमारास महापालिकेने परिसर-व्यवस्थापन गटांची योजना सुरू केली. दिल्लीत २००० साली ‘भागीदारी’ आली. दोन्हींतून कचरा, बागा, पदपथ यांची कामे झाली. मात्र दिल्लीच्या योजनेचा भर रहिवासी कल्याण संघांवर होता, आणि असे संघ बहुतेक ठिकाणी घरमालकांचे असतात. भाडेकरू, घरकाम करणाऱ्या स्त्रिया, फेरीवाले, पलीकडच्या झोपडवस्तीतील लोक यांना त्यांत स्वर नसतो. अशा वेळी ‘आपली वस्ती’ या शब्दांचा अर्थ फाटक आणि पहारेकरी असा होतो. कोणाला तरी बाहेर ठेवून मिळवलेली जवळीक ही आपुलकी नव्हे, मालकी आहे.

राज्यघटनेने यावर उपाय सुचवलेला आहे. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७४व्या दुरुस्तीतील अनुच्छेद २४३-एस नुसार तीन लाख वा अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या बंधनकारक आहेत. तथापि एका समितीत अनेक प्रभाग कोंबून तिचा लोकांशी असलेला संबंधच तोडण्याची सोय राज्यांनी करून घेतली. बंगळूरुत तर सप्टेंबर २०२० मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपल्यावर वर्षानुवर्षे निवडणूकच झाली नाही. त्याच वर्षी उच्च न्यायालयाने तलावांबाबत खासगी कंपन्यांशी करार करण्यास मज्जाव केला. सार्वजनिक पाणी ही लोकांची ठेव आहे, हे त्यामागील तत्त्व योग्यच होते; पण त्यानंतर नागरिक-गटांच्या करारांचे नूतनीकरणही रखडले. कंपनी आणि शेजारी यांतला फरक ओळखणारी तरतूदच आपल्याकडे नव्हती.

केरळचा अनुभव येथे उपयोगी आहे. १९९८ मध्ये सुरू झालेल्या ‘कुटुंबश्री’त १० ते २० स्त्रियांचे शेजारगट असतात, ते प्रभाग पातळीवर आणि पुढे स्थानिक संस्थेच्या पातळीवर जोडलेले असतात. शेजारणींच्या बैठकीतला प्रश्न नगरपालिकेच्या टेबलापर्यंत जाण्याचा मार्ग तेथे आखलेला आहे. तो कोणा अधिकाऱ्याच्या चांगुलपणावर अवलंबून नाही.

म्हणून तीन गोष्टी व्हायला हव्यात. प्रभागाच्या सभेत मतदारयादीतील प्रत्येकाला, मग तो भाडेकरू असो वा झोपडवस्तीतील, स्थान मिळावे. तलाव, मैदान, बाग यांची देखभाल करणाऱ्या गटांना कायद्याचा आधार द्यावा, मात्र पूर्वापार वापर करणाऱ्यांचे हक्क अबाधित ठेवण्याच्या अटीवर. आणि या सभांना स्वतःच्या निर्णयाने खर्च करता येईल असा निधी मिळावा, कारण देणग्यांवर चालणारा शेजार सधन वस्त्यांपुरताच उरतो.

माणसे एकमेकांवर प्रेम करतील अशी व्यवस्था कोणतेही सरकार करू शकत नाही. त्यांना एकत्र येऊन काम करण्यासाठी जागा, अधिकार आणि थोडा पैसा ते नक्कीच देऊ शकते. ते न देता नागरिकांच्या उदासीनतेला दोष देण्याचा अधिकार मात्र त्याला नाही.