जास्तीचे धान्य कुणाचे?

इसवी सन 368-69 चा हिवाळा कैसरियात कोरडा गेला. आजच्या तुर्कस्तानातले कायसेरी ते हेच शहर. त्या वेळी ते रोमन साम्राज्यातल्या कप्पदुकियाचे मुख्य ठिकाण होते. बर्फ पडले नाही, पाऊसही नाही. आभाळ दिवसेंदिवस इतके स्वच्छ राहिले की लोकांना त्या स्वच्छ आभाळाचीच धास्ती बसली. जमिनीला भेगा पडल्या, झरे आटले, पीक हातचे गेले.

समुद्रकाठच्या शहरावर अशी वेळ आली तर जहाजातून धान्य येई. कैसरिया पडले आत पठारावर. बैलगाडीने लांबून धान्य आणायचे, तर वाहतुकीचा खर्चच धान्याच्या किमतीला गिळून टाकायचा. शहरात जे काही धान्य होते, ते जमीनदार आणि व्यापारी यांच्या कोठारांत होते आणि भाव आणखी चढण्याची वाट पाहत कोठारांना कुलपे होती.

या शहरातल्या चर्चमध्ये बेसिल नावाचा एक धर्मगुरू होता. वय चाळिशीच्या आत, घरची जमीनजुमल्याची श्रीमंती, शिक्षण अथेन्समध्ये. कुलपे तोडायला त्याच्या हाताशी शिपाई नव्हते. होते ते फक्त व्यासपीठ, आणि समोर बसलेल्यांत कोठारांचे मालकही होते. त्या काळातली आणि त्या विषयावरची त्याची ग्रीक प्रवचने आज उपलब्ध आहेत. पहिल्या चार शतकांतले ख्रिस्ती लोक पैशाबद्दल नेमका काय विचार करत होते, हे जाणून घ्यायचे असेल तर मी वाचकाला आधी या प्रवचनांकडे नेईन.

एका प्रवचनासाठी बेसिलने लूकच्या शुभवर्तमानातला दाखला घेतला. एका श्रीमंताच्या शेतात अमाप पिकते. कोठारे पुरत नाहीत, तेव्हा ती पाडून मोठी बांधावीत असा बेत तो करतो आणि त्याच रात्री मरतो. बेसिलचे लक्ष त्याच्या मरणाकडे नाही, आदल्या काळजीकडे आहे. आता मी काय करू, असे तो श्रीमंत स्वतःशी म्हणतो. बेसिल श्रोत्यांना सांगतो, की हे तर कंगाल माणसाचे शब्द आहेत. ज्याच्या घरात दाणा नाही तोही हेच म्हणतो, आणि ज्याच्या घरात दाणा मावत नाही तोही हेच.

मग तो त्या कंगालाच्या घरात शिरतो. एक बाप घरभर नजर फिरवतो. सोने नाही, भांडीकुंडी विकून काही हाती येईल असेही नाही. उरतात ती मुले. कुणाला बाजारात न्यायचे? थोरला पहिला, त्याचा मान कसा मोडायचा? धाकट्याला अजून कसलीच समज नाही. एकाच्या चेहऱ्यात आईबाप दिसतात, दुसरा शिकण्यात हुशार आहे. सगळ्यांना ठेवले तर सगळेच उपाशी मरतील. एकाला विकले तर उरलेल्यांच्या नजरेला नजर कशी द्यायची? शेवटी तो रडत रडत लाडक्या मुलाला घेऊन निघतो. आणि धान्याचा मालक तिथेही किमतीत घासाघीस करतो. समोर बसलेल्या मालकांना बेसिल हे तोंडावर ऐकवतो.

यापुढे त्याचा युक्तिवाद येतो. नाट्यगृहात आधी येऊन बसलेला माणूस मागून येणाऱ्यांना अडवू लागला आणि सगळ्यांसाठी असलेली जागा माझीच म्हणू लागला, तर त्याला काय म्हणाल? जमिनीवर आणि धान्यावर आधी हात ठेवणारे हेच करतात, असे बेसिल म्हणतो. अंगावरचा कपडा ओढून घेणारा चोर ठरत असेल, तर देण्याची ऐपत असून उघड्याला कपडा न देणाऱ्याला दुसरे नाव कशाला शोधायचे? डब्यात राखून ठेवलेली भाकर भुकेल्याची आहे, पेटीत ठेवलेला अंगरखा उघड्याचा, आणि न वापरता कुजत पडलेले जोडे अनवाणी चालणाऱ्याचे. त्याच्या लेखी दान म्हणजे ज्याचे त्याला परत करणे.

रोमन जगात हे नवे होते. शहरातले धनवंत तिथेही सढळ हाताने देत. स्नानगृहे बांधत, खेळ भरवत, आपले नाव दगडावर कोरून घेत. पण ते देणे नागरिकांना होते, आपल्या शहराच्या आणि आपल्या नावाच्या शोभेसाठी होते. गरीब हा गरीब आहे, एवढ्याच कारणाने त्याचा काही हक्क लागतो, हा विचार ख्रिस्ती मंडळ्यांना यहुदी शास्त्रांतून आणि संदेष्ट्यांच्या वाणीतून मिळाला, आणि त्यांनी तो शिस्तीने चालवला. यरुशलेममधल्या गरिबांसाठी पौलाने मासेदोनिया आणि करिंथ इथल्या मंडळ्यांकडून वर्गणी गोळा केली. सुमारे 155 साली रोममध्ये जस्टिनने लिहून ठेवले आहे, की रविवारच्या उपासनेत ज्याला जमेल तो आपल्या इच्छेने देतो आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परके यांची सोय होते. 251 साली रोमच्या चर्चवर दीड हजारांहून अधिक विधवा आणि गरजू अवलंबून होते.

मला सगळ्यांत बोलकी वाटते ती एक सरकारी यादी. 303 साली सम्राट डायोक्लीशनच्या छळात उत्तर आफ्रिकेतल्या सिर्टा शहरात, म्हणजे आजच्या अल्जीरियातल्या कॉन्स्टंटीनमध्ये, अधिकाऱ्यांनी ख्रिस्ती लोक जमत त्या घराची झडती घेतली. कारकुनाने जप्त मालाची नोंद केली. सोन्याचे पेले 2, चांदीचे 6. त्याच कागदावर बायकांचे अंगरखे 82, डोक्यावरून घ्यायची वस्त्रे 38, पुरुषांचे अंगरखे 16, पुरुषांचे जोडे 13, बायकांचे जोडे 47. हे कपडे आणि जोडे वाटपासाठी ठेवलेले असणार, असे अभ्यासक मानतात. प्रवचनात माणूस मोठमोठे बोलू शकतो. इथे नोंद विरोधकाच्या हातची आहे.

सगळे बेसिलसारखे कठोर नव्हते. सुमारे 200 साली अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट श्रीमंतांना धीर देत होता. सगळे विकून टाक, असे येशू एका धनिकाला सांगतो. क्लेमेंटच्या मते त्याचा रोख मालापेक्षा मनातल्या आसक्तीवर आहे. सगळ्यांनीच सगळे टाकून दिले, तर भुकेल्याला जेवू कोण घालणार, हा त्याचा प्रश्न चुकीचा नाही. तरीही मला बेसिल जास्त पटतो. आसक्ती मोजता येत नाही, कोठारातली पोती मोजता येतात.

शेवटी कैसरियातली कोठारे उघडली. बेसिलचा मित्र, नाझियान्झसचा ग्रेगरी लिहितो, की बेसिलने उपाशी माणसे एका जागी जमवली, कडधान्याच्या कालवणाची आणि खारवलेल्या मांसाची भांडी मांडली आणि कमरेला फडके बांधून स्वतः वाढले. 370 मध्ये तो कैसरियाचा बिशप झाला. शहराबाहेर त्याने वाटसरूंसाठी निवारा, आजाऱ्यांसाठी वैद्य आणि परिचारक, शिवाय कामधंद्याच्या जागा उभ्या केल्या. इतरांनी हाकलून दिलेल्या महारोग्यांना तिथे थारा मिळाला. याविरुद्ध प्रांताच्या अधिकाऱ्याचे कान भरले गेले, तेव्हा बेसिलने त्याला पत्र लिहून विचारले, की यात राज्याचे काय नुकसान होते?

ख्रिस्ती मंडळ्यांच्या अशा कामाची दखल बेसिलच्या आधीपासून विरोधकांनाही घ्यावी लागत होती. जुन्या देवतांची पूजा परत आणू पाहणाऱ्या सम्राट ज्युलियनने 362 साली शेजारच्या गलतियाच्या मुख्य पुजाऱ्याला लिहिले, की हे ख्रिस्ती आपल्या गरिबांबरोबर आमचेही गरीब पोसतात आणि आम्हाला खाली पाहायला लावतात. त्याने शहरोशहरी धर्मशाळा काढायला सांगितल्या आणि वर्षाला 30,000 माप गहू मंजूर केला.

या शिकवणीला मर्यादा होत्या, त्या झाकून चालणार नाही. देणाऱ्याच्या पापक्षालनाची भाषा तिच्यात वारंवार येते, आणि मग गरीब हे श्रीमंतांच्या उद्धाराचे साधन होऊन बसतात. गरिबाचा स्वतःचा आवाज या साहित्यात जवळजवळ ऐकूच येत नाही. बापाने विकलेल्या मुलासाठी बेसिलचा जीव तुटतो, पण ज्या बाजारात तो विकला जातो तो बाजार बंद करा, असे तो म्हणत नाही. ते काम त्याच्या धाकट्या भावाकडे, निसाच्या ग्रेगरीकडे आले. उपदेशकाच्या पुस्तकावरच्या प्रवचनात त्याने गुलामांच्या मालकांना थेट विचारले, की देवाच्या प्रतिरूपाची किंमत तुम्ही किती नाण्यांत लावलीत आणि विकणारा कोण होता? प्राचीन जगात गुलामीच्या मुळावरच असा घाव घातल्याची उदाहरणे फार विरळ आहेत. साम्राज्याचा कायदा त्याने बदलला नाही आणि चर्चनेही पुढची अनेक शतके गुलाम बाळगले. पण जास्तीचे धान्य कुणाचे, हा थोरल्या भावाचा प्रश्न माणसापर्यंत नेऊन भिडवणारा तो त्याच घरातला होता.