पाऊण डॉलरची तूट

१९८६ सालच्या ऑगस्ट महिन्यात कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या संगणक-हिशेबात पंचाहत्तर सेंटची तूट आली. त्या काळी तेथील मोठे संगणक अनेकजण मिळून वापरीत, आणि ज्याने जितका वेळ वापरला त्याच्या नावावर तितके पैसे मांडले जात. पाऊण डॉलर म्हणजे फारच क्षुल्लक रक्कम. ही तूट कशाची, हे पाहण्याचे काम क्लिफर्ड स्टोल ह्यांच्याकडे आले. ते मूळचे खगोलशास्त्रज्ञ. संशोधनाचे अनुदान संपल्यामुळे नुकतेच संगणक विभागात दाखल झाले होते.

स्टोल ह्यांनी तूट किरकोळ म्हणून खर्ची टाकली नाही. शोध घेता कोणीतरी परका माणूस प्रयोगशाळेच्या संगणकात शिरून काही सेकंद काम करून गेला आहे, असे आढळले. मग त्यांनी बाहेरून येणाऱ्या तारांना मुद्रणयंत्रे जोडली आणि त्या माणसाने दाबलेली प्रत्येक कळ कागदावर उतरवून घेतली. तो येथून पुढे अमेरिकेच्या लष्करी संगणकांत शिरण्याचा प्रयत्न करीत होता. माग काढण्यासाठी तो तारेवर बराच वेळ रेंगाळणे आवश्यक होते. म्हणून संरक्षणविषयक बनावट कागदपत्रांचे आमिष संगणकात ठेवण्यात आले. माग अखेर पश्चिम जर्मनीतील हॅनोव्हर शहरी पोचला. मार्कुस हेस आणि त्याचे साथीदार चोरलेली माहिती सोव्हिएत गुप्तहेर खात्याला विकीत होते. १९९० साली जर्मन न्यायालयाने त्यांना दोषी ठरविले.

ही हकिकत पुष्कळांनी ऐकलेली असेल. पण तिच्यातील एका बारकाव्याकडे सहसा लक्ष जात नाही. चोर पकडला गेला तो पहाऱ्यामुळे नव्हे, जमाखर्चामुळे. कुलूप शाबूत होते. कारण हेस बऱ्याच ठिकाणी कोणीच न बदललेल्या परवलीच्या शब्दांनी, म्हणजे एका अर्थी किल्लीनेच, आत शिरला होता. संगणकाच्या सुरक्षिततेचा विचार आपण बहुधा कुलपापुरता करतो. कुलूप निकामी ठरल्यावर आत कोणी वावरत आहे हे कसे कळावे, हा निराळाच प्रश्न आहे. ह्यालाच घुसखोरीचा शोध म्हणतात.

ह्या शास्त्राची सुरुवात जेम्स अँडरसन ह्यांच्या १९८० सालच्या एका अहवालापासून मानतात. संगणक आपल्या कामकाजाच्या ज्या नोंदी ठेवतो, त्या तपासून गैरवापर ओळखता येईल, असे त्यांनी सुचविले. १९८७ साली डोरोथी डेनिंग ह्यांनी ह्या कल्पनेला शास्त्रीय चौकट दिली. प्रत्येक वापरणाऱ्याची काही वहिवाट असते : तो केव्हा येतो, कोणती कामे करतो, किती करतो. ही वहिवाट आकड्यांत मांडली, तर तिच्यापासून ढळलेले वर्तन यंत्रालाही ओळखता येईल, असे त्यांचे प्रतिपादन होते.

आजही शोधाचे मार्ग मुख्यतः दोनच आहेत. पहिला खुणेचा. पोलीस ठाण्यात सराईत गुन्हेगारांची छायाचित्रे लावलेली असतात, तशी पूर्वी झालेल्या हल्ल्यांच्या खुणांची यादी यंत्राजवळ असते. १९९८ साली मार्टिन रॉश ह्यांनी तयार केलेली ‘स्नॉर्ट’ ही आज्ञावली ह्याच जातीची. हा मार्ग भरवशाचा. मात्र ज्याचे छायाचित्र ठाण्यात नाही असा चोर त्याला दिसत नाही. शिवाय ओळखीचा चोरही वेष पालटतो. १९९८ सालीच टॉमस टाचेक आणि टिमथी न्यूशॅम ह्यांनी ह्यातली एक गंमत दाखवून दिली. जाळ्यातून संदेश जातो तो तुकड्यातुकड्यांनी. समजा, एकच मजकूर पाच पोस्टकार्डांवर लिहून धाडला आणि तिसऱ्या क्रमांकाची कार्डे मुद्दाम दोन लिहिली. वाटेवरचा पहारेकरी पहिले कार्ड खरे धरतो, तर घरचा माणूस दुसरे. पहारेकऱ्याने वाचले ते निरुपद्रवी पत्र, घरी पोचले ते भलतेच! जाळ्यावरील पहारेकऱ्याला प्रत्येक घरची वाचण्याची रीत ठाऊक असावी लागते, आणि ते फार अवघड आहे.

दुसरा मार्ग डेनिंग ह्यांच्या वहिवाटीचा. न्यू मेक्सिकोत स्टेफनी फॉरेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीवरून ह्याचे एक सुंदर रूप मांडले. शरीराला जसे ‘आपले’ आणि ‘परके’ कळते, तसे संगणकावरील आज्ञावलीलाही कळावे, ही त्यामागची कल्पना. ह्या मार्गाने अनोळखी चोरही सापडू शकतो. मात्र वहिवाट मोडणारा प्रत्येकजण चोर नसतो. परीक्षेचे गुण भरण्यासाठी एखादे प्राध्यापक रात्री दोन वाजता संगणकावर बसले, तर यंत्राच्या लेखी तेही संशयितच.

येथेच ह्या विषयातील खरी अडचण आहे, आणि ती संगणकाची नसून अंकगणिताची आहे. स्वीडनमधील संशोधक स्टेफान ॲक्सेलसन ह्यांनी १९९९ साली ती स्पष्टपणे मांडली. त्यांचाच दाखला थोडा सोपा करून घेऊ. एका संस्थेच्या संगणकांत दिवसाला दहा लाख नोंदी होतात. त्यांपैकी वीस नोंदी घुसखोराच्या आहेत. आपण असे यंत्र घेतले की जे ह्या वीसही नोंदी न चुकता पकडते, आणि निर्दोष नोंदींच्या बाबतीत शंभरात केवळ एकदा चुकते. विक्रेता सांगेल, ‘साहेब, नव्व्याण्णव टक्के अचूक!’ आणि ते खोटेही नसेल.

आता हिशेब करा. निर्दोष नोंदी ९,९९,९८०. त्यांच्यातील एक टक्का म्हणजे सुमारे दहा हजार. तेव्हा दिवसाकाठी दहा हजार वीस इशारे मिळतील आणि त्यांतले खरे वीस, म्हणजे पाचशेत एक. प्रत्येक इशारा तपासायला पाच मिनिटे लागली, तरी आठ तासांच्या पाळीत शंभरावर माणसे केवळ ह्याच कामाला लावावी लागतील. यंत्र दहापट सुधारले आणि हजारात एकदाच चुकू लागले, तरीही एक्कावन्न इशाऱ्यांमागे खरा एकच. लाखात एकदा चुकणारे यंत्र मिळाले, तर कोठे वीस खऱ्यांना दहा खोटे असे प्रमाण पडते. संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ह्यात बेझचा सिद्धान्त ओळखला असेलच. दुर्मिळ रोगाच्या चाचणीतही हेच होते. पण तेथे निदान रोगी जंतूंना शिकवून पाठवीत नाही! चाळणीची भोके बारीक केली की खोटे इशारे कमी होतात खरे. पण त्याबरोबर खरा घुसखोरही निसटू लागतो.

पाचशे वेळा खोटी हाक ऐकलेला माणूस पाचशे एकाव्या वेळी उठत नाही. अमेरिकेतील टार्गेट ह्या दुकानसाखळीत २०१३ सालच्या अखेरीस सुमारे चार कोटी ग्राहकांच्या कार्डांची माहिती चोरीस गेली. चोर शिरले ते शीतकरणाची कामे करणाऱ्या एका ठेकेदाराच्या परवलीच्या शब्दाने. पहाऱ्याचे यंत्र बसविलेले होते आणि त्याने इशाराही दिला होता. पुढे प्रसिद्ध झालेल्या वृत्तानुसार तो इशारा प्रथम आपल्या बेंगळूरमधील कर्मचाऱ्यांनी पाहिला आणि मिनियापोलिसच्या मुख्यालयास कळविला. तेथे त्यावर तातडीने काही करण्याची गरज नाही, असे ठरले. निर्णय चुकीचा ठरला हे उघडच आहे. तरी त्या माणसांसमोर त्याच आठवड्यात असे आणखी किती इशारे आले असतील, ह्याचा विचार केल्याशिवाय त्यांना दोष देणे मला न्याय्य वाटत नाही.

संशोधनाकडे वळावे, तर तेथे एक निराळेच दुखणे दिसते. यंत्राला शिकवायचे तर नमुने हवेत, आणि खऱ्या घुसखोरीच्या नोंदी कोणतीही संस्था बाहेर देत नाही. म्हणून १९९८ व १९९९ साली अमेरिकेतील लिंकन प्रयोगशाळेने एका कृत्रिम जाळ्यावर हल्ले घडवून नोंदी तयार केल्या. त्यांवरून बनविलेला ‘केडीडी’ नावाचा संच पुढे जगभर वापरला गेला. त्यात सुमारे ४९ लाख नोंदी आहेत, आणि दर पाचांतील जवळजवळ चार नोंदी हल्ल्याच्या आहेत! वरच्या दाखल्यातील दहा लाखांत वीस कोठे आणि हे कोठे? जॉन मॅकह्यू ह्यांनी २००० सालीच मूळ चाचण्यांवर कठोर टीका केली होती. २००९ साली असेही दिसून आले की संचातील पाऊणपेक्षा अधिक नोंदी एकमेकींच्या नकला आहेत. नंतर कॅनडात तयार झालेल्या २०१७ सालच्या संचातही चुका निघाल्या. म्हणून पदव्युत्तर प्रकल्पात ‘९९ टक्के यश’ असे वाचले की पहिला प्रश्न विचारावा : कोणत्या नोंदींवर? आणि दुसरा : खोटे इशारे दिवसाला किती?

रॉबिन सॉमर आणि व्हर्न पॅक्सन ह्यांनी २०१० साली ह्याचे मूळ कारण सांगितले. पॅक्सन ह्यांनी १९९५ च्या सुमारास स्टोल ह्यांच्याच प्रयोगशाळेत ‘ब्रो’ नावाची पहारा-प्रणाली सुरू केली होती. २०१८ पासून तिचे नाव ‘झीक’ आहे. त्यांचे म्हणणे असे की, शिकणारे यंत्र पूर्वी पाहिल्यासारखे काही ओळखण्यात तरबेज असते. येथे मात्र आपण त्याला कधीच न पाहिलेले ओळखायला सांगतो. ‘हे नेहमीसारखे नाही’ एवढेच ते सांगते. ते वाईट आहे का, आणि असल्यास का, हे माणसाला सांगता येईल असे त्याचे बोलणे नसते.

म्हणून आजचे बरेच प्रयत्न नवे इशारे काढण्यापेक्षा आलेल्या इशाऱ्यांची सांगड घालण्याकडे वळले आहेत. दहा निरनिराळ्या यंत्रांच्या दहा कुरबुरी मिळून एकच घटना तर नव्हे ना, हे पाहावयाचे. आमिषाची जुनी युक्तीही कामी येते : जे खाते कोणीच वापरू नये, त्याला कोणी हात लावला तर तो इशारा सहसा खोटा नसतो. भाषा जाणणाऱ्या नव्या प्रणालींकडून नोंदींचा गोषवारा करून घेण्याचे प्रयोगही चालू आहेत. मात्र नोंदींत घुसखोराने स्वतः लिहिलेला मजकूरही असतो, आणि त्यात तो ह्या प्रणालींनाच उद्देशून सूचना पेरू शकतो. चोराने पंचनाम्यात आपल्याला हवे ते वाक्य घुसडावे, तसेच हे. ह्यावर खात्रीचा उपाय अजून सापडलेला नाही.

पहारा कोठे ठेवावा, हाही प्रश्न आहेच. पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ११ व १३ ऑगस्ट २०१८ रोजी सुमारे ९४ कोटी रुपये लुबाडले गेले. बनावट कार्डांनी २८ देशांतील यंत्रांतून पैसे काढले जात असताना ‘द्यावे की न द्यावे’ ही विचारणा बँकेच्या मूळ प्रणालीपर्यंत पोचतच नव्हती. मधेच उभ्या केलेल्या खोट्या यंत्रणेकडून होकार मिळत होता. जाळ्यातील बहुतेक मजकूर आता सांकेतिक रूपात जातो. त्यामुळे पहारेकऱ्याला पत्र वाचता येत नाही, पाकिटाचा आकार, वेळ आणि पत्ता तेवढा दिसतो. हे आपल्या खाजगीपणाच्या दृष्टीने चांगलेच आहे. चोराची वेगळी चाल ओळखायची म्हणजे आधी सर्वांचीच चाल टिपून ठेवायची, ह्या गोष्टीची चर्चा संस्थांमध्ये व्हावी तितकी होत नाही.

आपल्या देशात संगणकीय आपत्तींची दखल घेणाऱ्या ‘सर्ट-इन’ ह्या शासकीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी आदेश काढला. घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवावी आणि नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्यात, असे त्यात आहे. सहा तासांचे घड्याळ घटना लक्षात आल्यावर सुरू होते. सोलरविंड्स ह्या कंपनीच्या आज्ञावलीत दडवलेला घुसखोर मार्च २०२० पासून हजारो संस्थांकडे पोचत होता. तो उघडकीस आला डिसेंबरमध्ये, तोही एका सुरक्षा-कंपनीत एका कर्मचाऱ्याच्या खात्याला अनोळखी दूरध्वनी जोडला गेल्याचे कोणीतरी नजरेआड केले नाही म्हणून. मधे नऊ महिने गेले होते. ज्यांच्याकडे फक्त १८० दिवसांच्या नोंदी होत्या, त्यांच्या वहीत तो आत शिरल्याचा दिवस उरलेलाच नव्हता.