मेळघाटचा घाटरस्ता आणि सायकल

अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेस, सातपुड्याच्या गाविलगड डोंगररांगांत पसरलेल्या मेळघाटचे वर्णन त्याच्या नावातच आले आहे. घाटांचा जेथे मेळ, तो मेळघाट. धारणी आणि चिखलदरा हे दोन तालुके मिळून हा प्रदेश होतो. साग, ऐन, धावडा, तिवस, मोह आणि बांबू यांनी येथील डोंगर झाकलेले आहेत. सिपना, गडगा, खंडू, खापरा आणि डोलार या नद्या दऱ्याखोऱ्यांतून वाट काढीत तापीच्या भेटीला जातात, आणि त्यांच्या काठाकाठाने कोरकू बांधवांची गावे वसली आहेत.

अशा प्रदेशात सायकलचे काय काम, असा प्रश्न सहज विचारला जातो. सायकल हे सपाट मुलखाचे वाहन आहे, हा समज फार जुना आहे. परंतु पावसाळा सरल्यावर चिखलदऱ्याच्या वाटेवर दूरच्या शहरांतून आलेले सायकलस्वार घाट चढताना दिसतात, आणि माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींच्या हातीही सायकल आलेली आहे. डोंगरात सायकल उपयोगी पडते की अंगणात पडून राहते, हे रस्त्याचा चढ, सायकलची बनावट आणि या दोहोंची निगा या तीन गोष्टींवर अवलंबून असते. या तिन्ही गोष्टी शिक्षक, अधिकारी आणि पंचायत सदस्य यांनी समजून घेण्याजोग्या आहेत.

रस्त्याचे स्वरूप

अमरावतीहून धारणी सुमारे १५० किलोमीटर अंतरावर आहे. परतवाड्यापर्यंतचा रस्ता वऱ्हाडच्या काळ्या मातीच्या सपाट शेतांमधून जातो. परतवाडा सोडले की डोंगराची भिंत समोर उभी राहते. गाविलगडची दक्षिणेकडील बाजू वऱ्हाडच्या मैदानात एकदम उतरते. त्यामुळे या बाजूने येणाऱ्यास आरंभीच खडी चढण लागते. घटांगनंतर रस्ता सिपनेच्या खोऱ्यात उतरतो आणि सेमाडोह, हरिसाल अशी गावे घेत धारणीस पोहोचतो. तेथून तोच मार्ग पुढे मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूरकडे जातो. धारणीच्या आसपास, तापीच्या बाजूस, भूमी बरीच मोकळी व कमी चढउताराची आहे. म्हणजे एकाच तालुक्यात सायकलीस सोपे व अवघड असे दोन्ही प्रकारचे रस्ते आहेत, ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे.

चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,११८ मीटर उंचीवर आहे. पायथ्याशी असलेल्या परतवाड्याहून तेथे जाणाऱ्यास सुमारे ७०० मीटर वर चढावे लागते.

चढाचे गणित

रस्ते बांधताना चढ किती ठेवावा याचे दंडक इंडियन रोड्स काँग्रेस या १९३४ साली स्थापन झालेल्या संस्थेने घालून दिले आहेत. मैदानी व उंचसखल प्रदेशात साधारणपणे ३० मीटर अंतरास १ मीटर, तर डोंगराळ प्रदेशात २० मीटरला १ मीटर किंवा त्याहून थोडा अधिक चढ धरला जातो. हे आकडे मोटारींसाठी आहेत. सायकलस्वाराच्या पायांना त्यांचा अर्थ निराळा लागतो.

सायकल आणि स्वार यांचे मिळून वजन ८० किलोग्रॅम धरले, तर २० ला १ या चढावर ४ किलोग्रॅम वजन कोणी सतत मागे ओढीत असल्यासारखे होते. सपाट रस्त्यावर हा भार मुळीच नसतो. म्हणूनच गावात हलकी वाटणारी सायकल घाटात जड होते. सायकलचे स्वतःचे वजनही येथे मोजावे लागते. आपल्याकडील नेहमीची पोलादी सायकल २० किलोग्रॅमच्या आसपास भरते, तर खेळासाठी बनविलेल्या सायकलीचे वजन त्याच्या निम्मे किंवा त्याहूनही कमी असते.

बिनगिअरच्या साध्या सायकलीस पुढे ४४ दात्यांचे चाक आणि मागे १८ दात्यांचे फ्रीव्हील असेल, तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. सपाटीवर हे प्रमाण उत्तम आहे. घाटात मात्र प्रत्येक फेऱ्याला इतके अंतर काटण्याचे बळ पायांत उरत नाही, आणि स्वार खाली उतरून सायकल ढकलू लागतो. गिअर असलेल्या सायकलीत पुढचे व मागचे दाते समान केले, तर एका फेऱ्यात सायकल सव्वादोन मीटरच्या आसपासच सरकते. वेग कमी होतो, फेरे अडीचपट वाढतात. पण प्रत्येक फेऱ्याला लागणारा जोर निम्म्याहून कमी होतो. एकूण श्रम तेवढेच राहतात, ते लहान लहान हप्त्यांनी फेडले जातात.

या साध्या युक्तीला मान्यता मिळण्यास बराच काळ जावा लागला. फ्रान्समधील प्रसिद्ध ‘तूर द फ्रान्स’ ही सायकल शर्यत १९०३ साली सुरू झाली आणि १९१० मध्ये ती पिरेनीज पर्वताच्या उंच घाटांतून नेण्यात आली. परंतु चालत्या सायकलीवर गिअर बदलण्याची मुभा स्पर्धकांना मिळाली ती १९३७ मध्ये. तोपर्यंत त्यांना घाटाच्या पायथ्याशी थांबून मागचे चाक काढावे लागे आणि ते उलटे बसवून दुसरे फ्रीव्हील वापरावे लागे.

उताराची कसोटी

चढावर माणूस थकतो, पण अपघाताचे भय उतारावर असते. १०० मीटर वर चढताना जी शक्ती खर्ची पडली, ती उतरताना वेगाच्या रूपाने परत येते आणि तिचा मोठा भाग ब्रेकना आवरावा लागतो. साध्या सायकलीची पोलादी रिम पावसात ओली झाली की ब्रेकची पकड बरीच ढिली पडते. ब्रेकचे रबर झिजलेले असेल, कॅरिअरवर दप्तर किंवा धान्याची पिशवी असेल आणि पुढे वळणावर वाहून आलेली वाळू असेल, तर घाट उतरणे जोखमीचे ठरते. दोन्ही ब्रेक चालू असणे, वळणाच्या आधीच वेग कमी करणे आणि उतारावर डबलसीट न बसणे हे तीन नियम प्रत्येक शाळेत शिकविले गेले पाहिजेत.

विद्यार्थिनींची सायकल

राज्य शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांमधील इयत्ता आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी अर्थसाहाय्य दिले जाते. धारणी व चिखलदरा यांसारख्या आदिवासी तालुक्यांचा या कार्यक्रमात समावेश आहे. २०२२ मध्ये या साहाय्याची रक्कम ३,५०० रुपयांवरून ५,००० रुपये करण्यात आली. मुलींच्या प्रवासासाठी एस. टी. बसगाड्यांची सोयही याच कार्यक्रमातून करण्यात आली आहे.

सायकलीने काय घडू शकते याचा दाखला बिहारमध्ये मिळतो. तेथे २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींसाठी सायकल योजना सुरू झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला असून तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. माध्यमिक शाळेतील मुलींची नोंदणी या योजनेमुळे सुमारे ३२ टक्क्यांनी वाढली, आणि ही वाढ मुख्यतः शाळेपासून ३ किलोमीटर किंवा अधिक दूर असलेल्या गावांत झाली, असे त्यांना आढळले. अंतर हाच मुलींच्या शिक्षणातील अडसर होता, हे यावरून स्पष्ट होते.

बिहारचा बराचसा भाग गंगेच्या सपाट मैदानाचा आहे. मेळघाटात अंतराच्या जोडीला चढही आहे. म्हणून येथे सायकलीची निवड करताना गाव ते शाळा हा रस्ता पाहणे अगत्याचे ठरते. धारणीभोवतीच्या मोकळ्या भागात साधी, मजबूत सायकल पुरेशी आहे. तिची दुरुस्तीही सोपी असते. जेथे वाटेत घाट आहे तेथे हलकी सायकल, दोन्ही चाकांना खात्रीचे ब्रेक आणि शक्य असल्यास गिअर यांकडे पालकांचे लक्ष वेधण्याचे काम मुख्याध्यापकांनी करावे. खरेदीच्या वेळी दिलेला असा सल्ला पुढील चार वर्षे उपयोगी पडतो.

ऋतू आणि वन

मेळघाट हा देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक असून तो १९७३-७४ मध्ये अस्तित्वात आला. येथील रस्ते वन्य प्राण्यांच्याही वहिवाटीचे आहेत. सायकल आवाज न करता येते, त्यामुळे अस्वलासारखे प्राणी अचानक समोर येण्याचा संभव असतो. पहाटे, तिन्हीसांजेस व रात्री सायकल चालविणे टाळावे, वनक्षेत्रात वनविभागाचे नियम पाळावेत आणि विद्यार्थिनींनी एकट्याने न जाता गटाने जावे. बाहेरून येणाऱ्या सायकलस्वारांस ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ योग्य आहे.

लांब पल्ल्याच्या सायकलिंगची आवड आता महाराष्ट्रात चांगली रुजली आहे. अमेरिका खंड ओलांडणारी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये जोडीने पूर्ण केली. विदर्भाचे, नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये ती एकट्याने पार केली. अशा सायकलस्वारांना सरावासाठी घाट हवे असतात. ते सावकाश जातात, गावात थांबतात, चहा-जेवण घेतात. योग्य सोयी झाल्यास त्यातून गावच्या तरुणांना व बचत गटांना थोडेबहुत उत्पन्न मिळू शकेल.

गावाने करावयाची कामे

पाहुण्या सायकलस्वारास आणि शाळकरी मुलीस लागणाऱ्या सोयी एकच आहेत. त्या फार खर्चाच्या नाहीत. खचलेल्या साइडपट्ट्या भरणे, पावसाळ्यानंतर वळणांवरील वाळू व दगड काढणे, मोऱ्या मोकळ्या ठेवणे, तीव्र उतारापूर्वी फलक लावणे, ही पहिली कामे होत. दुसरे काम दुरुस्तीचे. पंक्चर झालेली सायकल मोठ्या गावापर्यंत नेणे शक्य नसले की ती घरीच उभी राहते, आणि मुलीची शाळा बुडते. एक पंप, पान्यांचा संच, पंक्चरचे सामान, चेनचे तेल आणि ब्रेकची रबरे एवढे साहित्य शाळेत ठेवून गावातील एका तरुणास दुरुस्ती शिकविली, तर हा प्रश्न बराच सुटतो. दरमहा एक दिवस सर्व सायकलींचे ब्रेक तपासण्याचा परिपाठ शाळांनी ठेवावा.

धारणी तालुका अनुसूचित क्षेत्रात असून १९९६ च्या पेसा कायद्याने येथील ग्रामसभेस विशेष स्थान दिले आहे. आपल्या गावातून किती मुली आठवीनंतर शाळेत जातात, त्यांच्यापैकी किती सायकलीने जातात, आणि किती सायकली नादुरुस्त पडून आहेत, हे तीन आकडे ग्रामसभेपुढे ठेवले तर रस्त्याच्या व दुरुस्तीच्या कामांना आपोआप अग्रक्रम मिळेल. सायकलीसाठी शासनाने दिलेला पैसा सार्थकी लागावयाचा तर ती सायकल घाट चढून शाळेपर्यंत पोहोचली पाहिजे, आणि सायंकाळी मुलीला सुखरूप घरी आणली पाहिजे.